थंडीत दोघांनी माथेरान: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एकेक करून सगळं

थंडीत दोघांनीच दोन दिवस कुठेतरी जायचंय, फार लांब नको, गाडी चालवायचा ताण नको आणि डोंगरातलं जुनं गाव हवं, असं कोणी विचारलं की मी माथेरान सांगते. पण सोबत हेही सांगते की माथेरान हे चालायचं गाव आहे, आणि हे आधी डोक्यात पक्कं केलं नाही तर ट्रिप फसते. लोक पॉइंटची यादी घेऊन येतात, तीन तासांत घोड्यावरून दहा पॉइंट उरकतात, प्रत्येक ठिकाणी एक सेल्फी, आणि घरी जाऊन म्हणतात की सगळीकडे तीच दरी दिसते. तिथे तीसहून जास्त पॉइंट आहेत, तुम्ही चार-पाच निवडा, त्यांच्यामधली वाट नीट चाला, मग बघा काय मजा येते ते.

दुसरी गोष्ट म्हणजे घरापासून नेरळपर्यंत, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या रेल्वे स्टेशनपर्यंत, कोणीही पोचतं, घोळ होतो तो नेरळपासून रूमच्या दारापर्यंत. तेवढा भाग निघायच्या आधी ठरवून ठेवा, म्हणून खाली त्यावर जरा जास्तच लिहिलंय.

१. आधी तारीख

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत कधीही जा. पावसाळ्यातल्या रील बघून कोणी जात असेल तर आधीच सांगते, थंडीत धबधबे नसतात, ढगात बुडालेले रस्ते नसतात. त्याऐवजी कोरडी वाट मिळते, समोरचे किल्ले दिसतात, आणि जंगल मात्र हिरवंच असतं कारण इथली बरीच झाडं सदाहरित आहेत, जांभूळ, अंजन वगैरे.

माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं, त्या हिशोबाने मुंबईपेक्षा पाचेक अंश कमी धरा, आणि झाडीमुळे सावलीत अजून थोडं गार वाटतं. बर्फाबिर्फाची थंडी नाही हो, पण रात्री शाल लागते आणि पहाटे कॉफीचा कप दोन्ही हातात धरावासा वाटतो. दुपारी उघड्या पॉइंटवर ऊन चांगलंच लागतं.

नाताळ ते ३१ डिसेंबर टाळा, अगदी कळकळीने सांगते. तसंच २६ जानेवारीला जोडून वीकेंड आला असेल तर तोही. गाव लहान, रस्ता मुख्य एकच, आणि त्यावर माणसं, घोडे, सामान सगळं एकदम आलं की शांतता राहत नाही. तुमच्यापैकी एकाला जरी सोमवारची सुट्टी टाकता आली आणि दुसऱ्याला वर्क फ्रॉम होम ढकलता आलं तर रविवारी दुपारी वर जा आणि सोमवारी दुपारी उतरा. रविवारी चार वाजल्यानंतर गाव रिकामं व्हायला लागतं, संध्याकाळी त्याच बाजारातून चालताना वेगळ्याच गावात आल्यासारखं वाटतं, आणि रूमचे भावही बहुतेक ठिकाणी उतरलेले असतात.

२. रूम बुक करताना काय विचारायचं

फोटो बघून बुक करू नका, फोन करा. पहिला प्रश्न, माथेरान स्टेशनपासून किती मिनिटं चालायचं? कारण हॉटेलच्या दारात मोटार येत नाही. बाजारातलं हॉटेल असेल तर पाच मिनिटांत रूम, पण खाली रात्री उशिरापर्यंत गजबज. जंगलातला जुना बंगला असेल तर वीस मिनिटं चालायचं, रात्री टॉर्च घेऊन परतायचं, पण सकाळी उठलं की समोर नुसती झाडं. दोघंच जाताय तर मी दुसरा पर्याय घ्या म्हणेन, पैसे थोडे जास्त गेले तरी. माथेरानचे जुने बंगले हीच तर तिथली श्रीमंती आहे, इंग्रजांनी, पारशांनी, बोहऱ्यांनी बांधलेले, उंच छत, लांबलचक व्हरांडा, त्यात आरामखुर्च्या. काही बंगल्यांची आता हॉटेलं झालीत. अशा व्हरांड्यात दुपारी दोन तास काहीही न करता बसणं हा प्रोग्रामचा भाग समजा, त्यासाठी वेळ काढून ठेवा.

दुसरा प्रश्न जेवणाचा. बऱ्याच हॉटेलांत भाडं नाश्ता-जेवण धरूनच सांगतात, काही ठिकाणी फक्त व्हेज असतं. तिसरा, चेक-इन आणि चेक-आउट किती वाजता? इथे चेक-आउट बऱ्याच ठिकाणी सकाळी लवकर असतो, त्यामुळे रूम सोडल्यावर बॅगा काउंटरला ठेवता येतील का ते विचारून घ्या, नाहीतर रविवारची अख्खी सकाळ पाठीवर बॅग घेऊन फिरावं लागतं. चौथा, गरम पाणी किती ते किती. हा प्रश्न पुष्कळ जण विसरतात आणि मग पहाटे फिरून लाल मातीने माखून आल्यावर नळाला थंडगार पाणी.

आयडी दोघांचंही ओरिजिनल न्या. लग्न झालेलं नसेल तर घाबरायचं कारण नाही, सज्ञान असाल तर कायद्याने एकत्र राहायला काही बंदी नाही, पण काही हॉटेलं आपापले नियम लावतात म्हणून फोनवरच सरळ विचारा. आढेवेढे घेतले तर दुसरं हॉटेल बघा, तिथे काउंटरवर उभं राहून वाद घालण्यात पहिली संध्याकाळ घालवू नका.

३. बॅगेत काय

दोघांत दोन पाठीवरच्या सॅक, बस. चाकाची ट्रॉली बॅग नको म्हणजे नको, माती आणि दगडगोट्यांच्या वाटेवर ती ओढता येत नाही, उचलावीच लागते. आणलीच असेल तर दस्तुरीला, म्हणजे मोटारी जिथे थांबतात त्या नाक्यावर, हमाल मिळतात, पैसे आधी ठरवा.

बूट मळकट रंगाचे घाला. माथेरानचा खडक जांभा, त्याची लाल बारीक माती थंडीत सुकून भुरभुरीत होते आणि घोडे गेले की उडते, पांढरे बूट दुपारपर्यंत विटकरी होतात. तोंडाला बांधायला स्कार्फ किंवा मास्क, एखाद्याला धुळीची ऍलर्जी असेल तर औषधही. टॉर्च चांगला, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. थोडी कॅश ठेवा कारण जंगलातल्या टपऱ्यांवर नेटवर्क जातं आणि मग यूपीआय होत नाही. एक जाड स्वेटर, एक शाल, टोपी, पाण्याची बाटली. आणि एक कापडी पिशवी ज्याची चेन नीट लागते, कारण माकडं! हातात वेफर्सचं पाकीट दिसलं की ती सरळ येऊन घेतात, प्लॅस्टिकचा आवाजही त्यांना कळतो. खायला देऊ नका, हातात उघडं धरू नका, आणि दात दाखवायला लागलं तर नजर न मिळवता बाजूला व्हा.

४. नेरळपर्यंत

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा, सीएसएमटीहून नेरळ दोन तासांच्या आसपास. पुण्याहून कर्जतपर्यंत यायचं, तिथून मुंबईच्या दिशेची लोकल, मध्ये भिवपुरी रोड आणि मग नेरळ. कर्जतला उतरलाच आहात तर बटाटेवडा खाऊन घ्या, ते मी सांगायला नको.

कार घेऊन येत असाल तर ती दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, तिथे पार्किंग आहे. नेरळहून वरचा घाट अरुंद आणि चांगलाच खडा आहे. ज्यांना घाटाची सवय नाही त्यांनी गाडी खाली ठेवून टॅक्सीने जावं, आणि स्कूटर, त्यातही डबलसीट, मी तरी सुचवणार नाही.

५. नेरळहून वर

इथे दोन रस्ते. एक म्हणजे मिनी ट्रेन, आपण सगळे तिला टॉय ट्रेन म्हणतो पण तिचं काम खेळण्यातलं नाही. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने ही लाइन बांधली, मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ ला काम सुरू केलं आणि १९०७ ला गाडी धावली, खर्च त्या काळातले १६ लाख रुपये. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. चढ कुठे कुठे वीस फुटाला एक फूट, म्हणजे रेल्वेसाठी फारच, म्हणून गाडी सरळ न चढता डोंगराला वळसे घालत घालत एकवीसेक किलोमीटर जाते. खिडकीत बसलात की एखाद्या वळणावर आपलंच इंजिन शेजारी आल्यासारखं दिसतं, इतकं वळण घट्ट. वाटेत जुम्मापट्टी, मग वॉटर पाइप, मग अमन लॉज, मग माथेरान. आणि या लाइनवर एकुलता एक बोगदा आहे, त्याला वन किस टनेल म्हणतात कारण अंधार जेमतेम एका किसपुरता टिकतो. तर तुम्ही दोघं आहात, लक्ष ठेवा, बोलत बसलात तर निघून जातो.

गाडीला अडीच तासांच्या आसपास लागतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, २००५ च्या जुलैच्या पावसात तर लाइन इतकी वाहून गेली की परत गाडी सुरू व्हायला २००७ उजाडलं, त्यानंतरही मधे मधे बंद पडत आलीय, म्हणून पाऊस संपल्यावर कोणत्या तारखेला सुरू झाली आणि सध्याचं टाइमटेबल काय हे निघायच्या दोन दिवस आधी रेल्वेकडून बघून घ्या. गाड्या दिवसातून मोजक्याच आणि नेरळहून सकाळच्याच, डबे छोटे, सीट थोड्या. तिकीट नेरळच्या खिडकीवर, गाडी सुटायच्या थोडं आधी देतात, जो आधी रांगेत त्याला. त्यामुळे शनिवारी मिळवायचं तर मुंबईहून पहाटेची लोकल पकडून वेळेच्या बरंच आधी रांगेत लागायचं. एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने चहा-वडापाव आणायचा, हे घरीच ठरवा.

तिकीट नाही मिळालं तर तोंड पाडून बसायचं नाही. स्टेशनच्या बाहेर शेअर टॅक्सी असतात, सीटप्रमाणे पैसे, सगळ्या सीट भरल्या की सुटते. दोघांनी मिळून पूर्ण टॅक्सी करायची गरज नाही, सकाळी गर्दी असतेच, पाच-दहा मिनिटांत भरते. अर्ध्या तासाच्या आत दस्तुरी.

६. दस्तुरी नाका, इथे डोकं शांत ठेवायचं

दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी. माथेरानला २००३ मध्ये केंद्र सरकारने इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केलं, पण मोटार न आणण्याची रीत त्याच्याही फार आधीपासूनची आहे. अँब्युलन्ससारखी इमर्जन्सी वाहनं सोडली की गावातल्या रस्त्यांवर मोटारीचा आवाज नाही. इथे नगरपरिषदेचा प्रवासी कर भरायचा, पावती जपून ठेवायची.

टॅक्सीतून पाय खाली ठेवल्या ठेवल्या चार जण येतात. घोडा घ्या, गाव फार लांब आहे, पुढे काही मिळत नाही, वगैरे. पहिल्यांदा येणारं जोडपं गोंधळतं आणि जो पहिला भेटेल त्याच्याबरोबर निघतं. तसं करू नका. गाव अडीच-तीन किलोमीटरवर आहे आणि चार पर्याय आहेत:

पायी. चाळीस-पन्नास मिनिटं, फार चढ नाही, बराचसा रस्ता सावलीतून. सॅक हलकी असेल तर मला हाच सगळ्यात आवडतो.

शटल. दस्तुरीपासून काही मिनिटांवर अमन लॉज स्टेशन, तिथून माथेरानपर्यंत तीच छोटी गाडी, वीसेक मिनिटं. खाली नेरळला तिकीट हुकलेल्यांसाठी हा चांगला दिलासा, फक्त तो बोगदा यात येत नाही. परतीच्या शटलची वेळ तेव्हाच फोटो काढून ठेवा.

ई-रिक्षा. डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाल्या. आई-वडील किंवा गुडघेदुखीवाल्यांना फार सोयीच्या. वीकेंडला रांग असते.

घोडा. दराचा बोर्ड लावलेला असतो, आधी तो वाचा, मग बोला.

पूर्वी हातरिक्षाही होत्या, माणूस माणसाला ओढायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. मला विचाराल तर फार आधी व्हायला हवं होतं. त्याच निकालात दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील पण आतल्या वाटांवर नको असंही म्हटलंय, आणि ते खरंच महत्त्वाचं आहे कारण मातीच्या वाटा गेल्या तर माथेरानमध्ये उरणार काय?

७. पहिली दुपार

पोचलात, जेवलात, थोडं पडलात. आता घड्याळ बघा, थंडीत दिवस लहान. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जानेवारीच्या मध्यावर सव्वासहा-साडेसहा. झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. म्हणून तीनच्या आत निघायचं.

पहिल्या दिवसासाठी पश्चिमेची बाजू. बाजारातून शार्लोट लेककडे जाणारी वाट धरा, सगळीकडे लाकडी नाहीतर दगडी पाट्या आहेत, चुकलात तर कोणालाही विचारा. तळ्याकाठी पिसारनाथाचं देऊळ, हे माथेरानचं ग्रामदैवत, पाच मिनिटं आत बसा. तळं गावाच्या पिण्याच्या पाण्याचं आहे त्यामुळे पाय बुडवायचे नाहीत, पाण्यात काही टाकायचं नाही. तिथून लॉर्ड्स पॉइंट, इको पॉइंट आणि मग लुईझा पॉइंट, हे सगळे एकाच बाजूला आहेत, आरामात होतात.

या वाटेवर घाई नको. झाडांच्या मुळांनी वाटेत पायऱ्याच केल्यात, माती वाहून गेलीय आणि मुळं उघडी पडून घासून गुळगुळीत झालीत, त्यांच्यामधे जांभ्याचे भोकाभोकांचे दगड. चालताना वर लक्ष ठेवा, शेकरू दिसायची शक्यता असते. आधी फांद्या हलताना ऐकू येतं, मग तांबूस-काळं लांब शेपूट दिसतं, आणि ते एका झाडावरून दुसऱ्यावर इतकं लांब उडतं की पहिल्यांदा बघणारा माणूस हातातला मोबाइल विसरतो. बोलत राहिलात तर दिसणार नाही, दहा मिनिटं दोघांनीही गप्प चालून बघा. आम्ही दोघं हे नेहमी करतो आणि शेकरू दिसो न दिसो, ती दहा मिनिटं फार छान जातात.

लुईझाला समोर प्रबळगड उभा. दरीच्या पलीकडे तो सपाट माथा, आणि ऊन कलायला लागलं की त्याच्या कड्यावरच्या खाचा एकेक करून उठून दिसायला लागतात. थंडीत लांबवर धुरकट असतं, पनवेलच्या बाजूचं स्पष्ट दिसेलच असं नाही, पण प्रबळ जवळ असल्याने दिसतो. सूर्यास्त बघायला बहुतेक सगळे पॉर्क्युपाइनला जातात, त्याचं नावच सनसेट पॉइंट पडलंय, जागा सुंदर आहे पण वीकेंडला उभं राहायला कोपरा शोधावा लागतो. पहिल्यांदाच जाताय आणि शांतपणे बघायचंय तर मी लुईझालाच थांबा म्हणेन.

एक मात्र नीट ऐका. कड्याच्या टोकाशी जांभा ठिसूळ असतो आणि कठडा सगळीकडे नाही. सेल्फीसाठी कठड्यापलीकडे जायचं नाही, एकमेकांना मागे मागे सरकायला सांगत फोटो काढायचा नाही. माझ्या नवऱ्याला फोटोची प्रचंड हौस, आमचा नियम एकच, फोटो काढणारा हलेल, उभा राहणारा हलणार नाही. हा नियम तुम्हीही घ्या.

सूर्य गेला की लगेच निघा, टॉर्च लावा आणि मुख्य वाटेनेच या, शॉर्टकट नको.

८. संध्याकाळ आणि रात्र

बाजारात एक चक्कर. चिक्की, चपला, चामड्याचे पट्टे, मध. चिक्की लगेच घेऊ नका, उद्या उतरताना घ्या, ओझं कशाला. जेवण रूमच्या पॅकेजात नसेल तर आठच्या आत जेवा, इथे सगळं लवकर आवरतं.

चालता चालता एक नाव लक्षात ठेवा, हुतात्मा भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म इथलाच, माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष होते. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी गटाने विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या गिरण्यांचा पुरवठा तोडला, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले. वय तीस. माथेरानबद्दल बोलताना आपण १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आले तिथून सुरुवात करतो, पण त्याआधीही या डोंगरात ठाकर, कातकरी, धनगर राहतच होते, आणि नंतर याच मातीतून कोतवाल झाले. थंडीत जाताय, या दोन्ही तारखा थंडीतल्याच, आठवण काढा.

रात्री व्हरांड्यात बसा. शेकोटी पेटवायची असेल तर हॉटेलवाल्याला विचारून, त्याने दिलेल्या जागेतच, थंडीत पाला सुका असतो आणि आग पसरायला वेळ लागत नाही. स्पीकर लावू नका प्लीज. मोटारी नसलेल्या गावाची रात्र ऐकायलाच तर आलोय.

९. दुसरी सकाळ

दोन प्लॅन देते, तुमच्या झोपेप्रमाणे निवडा.

पहाटे उठणारे असाल तर पॅनोरमा पॉइंट. उत्तरेच्या टोकाला, बाजारापासून पाचेक किलोमीटर. सूर्योदय सातच्या सुमारास म्हणजे साडेपाचला निघायला हवं, अंधारात. आदल्या रात्री घोडेवाल्याशी बोलून ठेवा किंवा चालायची तयारी ठेवा. वर पोचलात की खाली नेरळ, उल्हास नदीचं खोरं, बाजूला पेबचा किल्ला, आणि खोऱ्यात धुकं भरलेलं असेल तर गावं त्याच्याखाली झाकलेली. दोघांनाही लवकर उठायची आवड असेल तरच हे करा, एकाला ओढून नेलं तर तो दिवसभर चिडचिड करतो.

दुसरा प्लॅन सोपा. साडेसहाला उठून बाजाराजवळच्या खंडाळा पॉइंटला जा. थंडीत सूर्य आग्नेयेकडून उगवतो, ऊन इकडच्या बाजूला छान येतं. तिथून अलेक्झांडर पॉइंट, मग रामबाग, आणि परत येऊन नाश्ता. अडीच-तीन तास पुरे.

पायात दम असेल आणि चेक-आउट लांबवून मिळाला असेल तर दक्षिणेकडे वन ट्री हिल आणि चौक पॉइंट. मॅलेट साहेब चौक गावाकडून चढले ते याच अंगाने. वन ट्री हिलच्या बाजूने खाली उतरणाऱ्या वाटेला शिवाजी लॅडर म्हणतात, ट्रेकर ती वापरतात, पण माहितगार सोबत नसेल तर दोघांनीच उतरायला जाऊ नका.

घोड्यावर बसायचंच असेल तर सकाळी बसा, तेव्हा ऊन नसतं, जनावरही ताजं असतं. घोडा लंगडत असेल, पाठीवर जखम असेल तर सरळ नाही म्हणा. दोघांचे घोडे एका मालकाचे घ्या म्हणजे एकत्र चालतात. किती पॉइंट, किती वेळ, एकूण किती पैसे, हे तिन्ही बसायच्या आधी बोलून घ्या. हेल्मेट मागा. पळवायला सांगू नका, वाटेवर चालणारी माणसं असतात. या घोड्यांवर तिथल्या कित्येक घरांची चूल चालते, तेव्हा बोर्डावरच्या दरातही अर्धे करा म्हणून भांडू नये असं मला मनापासून वाटतं.

१०. उतरताना

मिनी ट्रेन खाली जाते ती दुपारी. वर येताना हुकली असेल तर आता प्रयत्न करा, माथेरान स्टेशन बाजारातच आहे, एकाने वेळेत रांगेत लागायचं आणि दुसऱ्याने तेवढ्यात चिक्की घ्यायची. चव बघायला देतात, मागा, आणि मऊ पडलेली घेऊ नका, हातात मोडून कडकन आवाज आला पाहिजे. रिकाम्या बाटल्या, पाकिटं सॅकमधे घालून खाली न्या.

ट्रेन नसेल तर दुपारी तीनच्या आत दस्तुरीला या. चारनंतर टॅक्सीला रांग लागते आणि घाटात गाड्या अडकतात. नेरळला रविवारी संध्याकाळी मुंबईच्या लोकल कर्जतहूनच भरून येतात, ट्रेकचे ग्रुप, पिकनिकवाले, सगळे एकदम, दोघांना दारात उभं राहूनच जावं लागतं. आमची युक्ती अशी की उलट दिशेची लोकल पकडून कर्जतला जायचं, तिकीट आधीच नेरळ ते कर्जत आणि कर्जतहून पुढचं असं दोन्हीचं काढायचं, आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत खिडकी पकडायची. अर्धा-पाऊण तास जास्त जातो, पण दोन दिवस चालून पाय बोलायला लागलेले असतात आणि कल्याणपर्यंत बसून झोप काढता येते.